तांबड्या दोऱ्याची वासरं

३ जुलै, गुरुवार

दहा वासरांच्या गळ्यात दोरे पडले आज. पाचांच्या तांबडे, पाचांच्या निळे. मी म्हटलं, लग्न कुणाचं कुणाशी ते तरी सांग. निशिगंधा हसली नाही. नातीचं असंच आहे. कामात असली की थेट आजोबांचा चेहरा करते.

हे सगळं फोनला सांगायलेय. बटण दाबायचं, बोलायचं, तो लिहून घेतो. तारीखही तोच घालतो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, तेव्हा भांडणही नाही. निशिगंधाच म्हणाली, "आजी, दिवसभर भिंतीशी बोलतेस, त्यापेक्षा याच्याशी बोल. हे तुझं पान समज." तिनं चोरून वाचलं तर? वाचू दे. हैदराबादची पोर. तिचं मराठी वाचणं म्हणजे चढाला लागलेली गाडी — एक ओळ होईस्तोवर चहा निवतो.

तर वासरं. मलकपेठेत आमच्या घरामागं विकासचा तबेला आहे. विकास माझा मुलगा, निशिगंधाचा बाप. पोर जनावरांची डॉक्टर झाली, आता त्याच्याही वरचं शिकायली. त्यासाठी हा प्रयोग. पाच वासरांच्या खुराकात खमिराची पावडर, पाचांना नुसता खुराक. दिवाळीपर्यंत बघायचं — कुणाला किती पचतं, कोण किती वाढतं. ते कॉलेजात दिलं की शिक्षण पुरं, आणि नव्या वर्षात करीमनगरकडे नोकरी ठरलेली. "यांच्या तोंडात वेगळं काही गेलं ना आजी, तर सगळं पहिल्यापासून," म्हणाली. सगळ्यांना उभं करून सांगितलं. मीपण उभी होते.

खमीर म्हणजे तेच, नानवाला भट्टीवर पीठ फुगवायला घालतो ते. विचारलं, वासरांचे नान करायचेत का? मग तिनं समजावलं. गाईच्या पोटात म्हणे डोळ्याला न दिसणारे बारीक जीव राहतात. चारा खरा तेच मोडतात. पावडर वासराला नाहीच, त्यांना आहे. ते खूष तर पोट ठीक, पोट ठीक तर अंग धरतं. म्हणजे पोटातल्या पाहुण्यांचा पाहुणचार! सुनेला म्हटलं, त्रिवेणी, ऐकलंस का, गाईला चार कप्प्यांचं पोट अन् वर सरबराई; आपण एका पोटावर सासर काढलं.


५ जुलै

कोणत्या पोत्यात पावडर आहे ते निशिगंधालाही ठाऊक नाही! तिच्या सुधीर सरांनीच पोती भरून पाठवलीत. एकावर तांबडी खूण, एकावर निळी. रंग एक, वास एक. कशात काय ते बंद पाकिटात, आणि पाकीट सरांच्या कपाटात.

म्हटलं, मास्तरचा तुझ्यावर विश्वास नाही का?

"माझ्या डोळ्यांवर नाही. एकदा मनात ठरलं ना आजी, की डोळे तेच बघतात."

मी म्हटलं, पाकीट कशाला, चार दिवसांत मी सांगते. जनावरं बघण्यात केस पांढरे झाले.


९ जुलै

सांगितलं नाही, पण ठरलं. तांबडी ती बिनपावडरची. पाठीवर तेज नाही, गव्हाणीशी मागं उभी राहतात, आणि त्यांच्यातली ती मैना — सगळ्यांत बारकी, कान मोठे, बाकी काही नाही. निळी बघा कशी, पाटलाच्या जावयासारखी रेलून उभी.


११ जुलै

तव्यावरची पहिली भाकर गाईची. माझी माय तसं करायची, तिची मायही. इथं हैदराबादेत आले तरी सोडलं नाही. तबेल्यातली गंगी गाय सकाळी माझ्या पावलांची वाट बघते.

आज गंगीसमोरून पुढं गेले. भाकरीला गुळाचा खडा लावला, पाच तुकडे केले, तांबड्यांना दिले. मैनाचा जरा मोठा. गंगीनं असं बघितलं की विचारू नका. तिला म्हटलं, तुझं सगळं चांगलं चाललंय बाई, ज्यांना नाही त्यांना आधी.

यादगिरीनं बघितलं. तबेल्याचं सगळं तोच बघतो, केस माझ्यासारखेच पिकलेत. म्हणाला, "अम्मा, बच्ची बोली ना, कुछ नै खिलाना बोलके."

म्हटलं, हा खुराक नाही, गाईचा घास आहे. देवाचं आहे. यात काय मोजायचं?

"मेरेकू क्या मालूम अम्मा," म्हणाला, आणि शेण भरायला लागला. शहाणा माणूस आहे.


१४ जुलै

दोन भाकरी.


२० जुलै, रविवार

भगवंताचा फोन. रविवार म्हणजे भगवंता. माझा थोरला भाऊ, बरकतपुऱ्यात राहतो. सरकारी कचेरीतून निवृत्त झाला, वहिनी गेल्या, आता एक बाई येऊन स्वयंपाक करून जाते. बाकी वेळ पेपर.

"भामे, पेपर वाचून दाखवू का?"

दर रविवारी हेच. मी म्हणते, दाखव, मेलेल्यांची नावं तेवढी वाच, जिवंतांचं मला कळतं.

मग ठरलेलं दुसरं वाक्य. "तुझ्या हातची एखादी भाकर पाठव की गं. मायच्या हातासारखी होते तुझी." आपल्या दुधाचा कॅन रोज सकाळी त्याच्या दारावरून जातो. त्यासोबत पाठवायला काय जड आहे! पण मी म्हणते, तुला वाचता येतं ना? पुस्तकात बघून कर. तो हसतो. मीही हसते. वर्षानुवर्षं हसतोय दोघं.

परवा निशिगंधानं शब्द सांगितला. ज्यांना पावडर नाही, त्या वासरांना कंट्रोल म्हणतात. सारखीच वासरं घ्यायची, एकाला द्यायचं, एकाला नाही. मग काय फरक पडतो बघायचं.

मी म्हटलं, हा प्रयोग उदगीरकडं आमच्या गावात झालेला आहे. एकाच मायची दोन. एकाला हैदराबादला शाळेत घातलं, मागून तुपाचा डबा. एकीच्या हातात शेळ्यांची काठी. फरक काय पडला? तो पेपर वाचतो आणि मी ऐकते. लिही तुझ्या कॉलेजात.

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, वासराच्या फिरवतात तसा.

आता कळलं ना पाना, तांबड्यांचा मला एवढा पुळका का ते.


१ ऑगस्ट

वजनं झाली. काटा आणला, एकेकीला ओढत चढवलं. मैना चढेना. मी हाक मारली तर सुरसुर करत माझ्याकडं आली, पदर हुंगायला लागली. निशिगंधा म्हणाली, "हिला तुझा एवढा लळा कसा?"

म्हटलं, रूपावर भाळली.

नंतर निशिगंधा खूष होऊन आत आली. "आजी, एक गट स्पष्ट पुढं आहे. कोणता ते सांगणार नाही."

सांगायला कशाला पाहिजे? तांबड्यांच्या पाठी बघा, ऊन घसरतं त्यावरून. पावडर हरली, भाकर जिंकली! दिवसभर मनात लाडू फुटत होते.

पण जेवताना ती बापाला सांगायला लागली, निकाल असाच राहिला तर सर मोठ्या परिषदेत मांडतील, मग गावोगावच्या लोकांना सांगता येईल की असं करा. मी ताट बाजूला सरकवलं. ती जे सांगणार ते तर माझ्या तव्यावरचं. उद्यापासून बंद करते.


२ ऑगस्ट

मैना हंबरायला लागली. एकच तुकडा दिला.


१५ ऑगस्ट

एकाच्या पुन्हा दोन भाकरी झाल्या. पोर कॉलेजात झेंड्याला गेली होती. स्वातंत्र्य सगळ्यांना असतं.


२२ ऑगस्ट, पोळा

आमच्याकडं आता बैल नाहीत. मातीचे आणते अफझलगंजातून. पण मातीच्या बैलाला पुरणपोळी दाखवायची नि आपणच खायची, हा काय पोळा झाला? गावाकडं बैलाला सबंध पोळी भरवायचे, घरधनी नंतर जेवायचा.

वासरांना ओवाळलं. दहाही जणींना कुंकू लावलं, त्यात दुजाभाव नाही केला. निशिगंधानं फोटो काढले आणि वर तंबी — "आजी, ओवाळायचं फक्त. खायला नाही." मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो, असं कुठं लिहिलंय?

ती गेल्यावर तांबड्यांना पोळ्या दिल्या. पुरणाचं पातेलं हातात होतं, तेवढ्यात भगवंताचा फोन. रविवार नव्हता, तरी सणाचा म्हणून केला. "भामे, पोळ्याला माय पुरण वाटायची तेव्हा..." असं काही तरी सांगायला लागला. मला बसून ऐकावं वाटलं. पातेलं मैनापुढं खाली ठेवलं आणि ओट्यावर बसले. परत बघते तर पातेलं घासल्यासारखं. सोबत आणलेली उरलेली कणीकही गेली.

म्हटलं, खा माय खा. तुझाच सण.


२३ ऑगस्ट

सकाळी यादगिरीची हाक आली. "अम्मा, मैना उठ नै री."

डावं पोट ढोलासारखं फुगलेलं. दात खायली. रवंथ नाही. डोळे आत. मागून आंबूस पाणी. पोरीनं हात लावला नि तिचा चेहराच उतरला. "हिनं काय खाल्लं? काल काय खाल्लं हिनं?"

 विकास यादगिरीवर धावला. "तूच कायतरी सडकं घातलंस! पोळ्याची सुट्टी पाहिजे होती ना तुला?" यादगिरीनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं.  एवढी वर्षं ज्याला मी आळशी म्हणून चिडवलं, तो माझ्यासाठी शिव्या खात उभा राहिला.

आणि पोर मैनाचं पोट दाबत पुन्हा पुन्हा तेच विचारायली. "बाबा, काय खाल्लं ते कळल्याशिवाय मी काय देऊ? चुकीचं दिलं तर मरेल ती!"

मी म्हटलं, पुरण. मी घातलं.

"किती?"

पातेलंभर. वर कणीक.

"आणि याआधी?"

रोज भाकर. गूळ लावून.

"मैनाला?"

पाचही तांबड्यांना.

"कधीपासून?"

आखाडापासून.

तिनं डोळे मिटले. तेवढंच.  उठली, नळी आणली, सोडा आणला. खायचा सोडा, आपला भज्यांत घालतो तो. पाण्यात कालवून नळीनं पोटात सोडला. नळीतून वारा आला तेव्हा ताडीच्या दुकानासारखा वास सुटला. मग गंगीच्या पोटातला रस नळीनं काढून मैनाच्या पोटात घातला. का, ते विकासला सांगत होती, मला नाही. पण ऐकलं मी. गोड नि पीठ एकदम गेलं की पोट आंबतं, मग ते बारीक जीवच मरतात. म्हणून गंगीकडचे उसने आणले.

दोन महिने मी त्या पाहुण्यांची चेष्टा केली. काल सणाच्या दिवशी जेवायला बोलावून बुडवले.

विकासनं यादगिरीची माफी मागितली नाही. मीच गेले त्याच्याकडं. म्हटलं, माझ्यामुळं ऐकावं लागलं. तर म्हणतो, "छोडो अम्मा, मैं भी तो देखके चुप था."


२४ ऑगस्ट

मैना पडूनच. निशिगंधा तिच्याजवळ पोत्यावर बसून. चहा नेला. तिनं घेतला, बाजूला ठेवला. निवला. रागावली असती, तोंडावर बोलली असती, तर मी चार शब्द फिरवून जिंकले असते. माझं हत्यारच काढून घेतलं पोरीनं.


२७ ऑगस्ट, गणपती

मैनानं जबडा हलवला! आधी वाटलं दात खायली. पण नाही. रवंथ. सावकाश, डोळे अर्धे मिटून, म्हातारी पान चघळते तसा. घरात आरती चाललेली आणि मी इथं शेणात उभी. देवानं समजून घ्यावं.

निशिगंधाही बघत होती. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "वाचली."

मी विचारलं, आणि तू?

"मी नाही वाचले आजी. तांबड्यांचा एकही आकडा आता खरा नाही. परवा सरांना फोनवर सगळं सांगितलं."

म्हटलं, माझं नाव सांगायचंस.

"तुझंच सांगितलं."

बरं केलं. खोटं बोलायला मी शिकवलेलं नाही तिला. स्वतः बोलत असले तरी.


३१ ऑगस्ट, रविवार

आज फोन नाही, भगवंता स्वतःच आला. मैनाला बघायला म्हणे. काठी टेकत तबेल्यापर्यंत आला, मैनाच्या कानामागं खाजवलं. मी सगळं सांगितलं — तांबडे, निळे, भाकर, पुरण. म्हटलं, आपल्या दोघांचाच प्रयोग होता बघ. मी आपल्या गटाची बाजू घेतली.

त्यानं काठी गव्हाणीला टेकवली. मग म्हणाला, "भामे, मला पाठवलं तेव्हा माझे दुधाचे दातही सगळे पडले नव्हते. वसतिगृहात भात आणि पाण्यासारखं पप्पूचं वरण. सुट्टीला गावी यायचो, तर तू मायच्या चुलीपुढं मांडी घालून बसलेली असायचीस. पहिली भाकर गाईला, दुसरी तुला. मी उंबऱ्यात उभा राहून बघायचो. पाहुण्यासारखा."

मी म्हटलं, आणि तूप? तूप कुणाला जायचं?

"यायचं की. डबा माझ्यापर्यंत पोचेस्तोवर खवट झालेलं."

  मी चहाला साखर किती ते विचारलं, जन्मभर माहीत असून.

जाताना भाकर मागितली नाही त्यानं.


२ सप्टेंबर

सुधीर सर आले. मला वाटलं होतं मिशीवाला, दरडावणारा कोणी असेल. हा तर विकासपेक्षा लहान, चष्मा पुसत बोलणारा. मला नमस्कार केला. मी म्हटलं, शिक्षा करायची तर मला करा, पोरीचं वर्ष नका घालवू.

ते म्हणाले, शिक्षा नाही आजी, पण हे आकडे वापरता येणार नाहीत. मैनाला काढलं तरी उरलेल्या चार जणी भाकरीवर वाढल्या की कशावर, कोण सांगणार? दसऱ्यानंतर नवी वासरं, नवे दोरे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालेल. करीमनगरच्या लोकांनी थांबायला हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही.

मी विचारलं, भाकर चांगली की पावडर, तेवढं तरी सांगा. तर हसले. "तेच तर तुम्ही आम्हाला कळू दिलं नाहीत."

निशिगंधानं नवा नियम केला. आजीनं तबेल्यात यायचं, पण हात पाठीमागे बांधून. यादगिरीला पहारेकरी केलंय. तो आतापासूनच मिशीत हसायलाय. मी कबूल केलं. या वेळी मान हलवली नाही, तोंडानं हो म्हटलं.

सरांनी जाताना ते बंद पाकीट तिच्या हातात दिलं. आता लपवून उपयोग काय, म्हणाले. तिनं फोडलं नाही. "उद्या. आज मला बघवत नाही," म्हणाली. मी म्हटलं, फोडायचं काय त्यात, तांबडी बिनपावडरची. मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे.

ती माझ्याकडं बघून कितीतरी दिवसांनी हसली.


३ सप्टेंबर

पाकीट फोडलं. पावडर तांबड्यांनाच होती.

ज्यांना काहीच नव्हतं ती निळी पाच. त्यांच्याकडं मी दोन महिने वळूनही बघितलं नाही.

अक्षरं मलाही पाहिजे होती, ती भगवंताला मिळाली. ते कालही खरं होतं, आजही आहे. त्यावर कुणी माती टाकू नये, मीसुद्धा नाही.

बरकतपुऱ्याच्या कॅनसोबत सकाळी भगवंताला भाकर फडक्यात बांधून दिली. तव्यावरची पहिली. गंगी आज दुसरीवर भागवेल.